मळे, पाऊस आणि पंचायत

आमच्या खजुरीत पावसाला दोन नावे आहेत. कन्नड बोलणारा त्याला मळे म्हणतो, मराठी बोलणारा पाऊस. मराठीत मळे म्हणजे विहिरीच्या पाण्यावर हिरवी राहिलेली बागायत. लहानपणी शेजारची अज्जी आभाळाकडे बघून 'मळे बरली' म्हणायची, तेव्हा मला वाटायचे, ही आभाळातून मळेच खाली उतरू देत म्हणून मागणे मागते आहे. पुढे अर्थ कळला, आणि त्यात फारसा फरक नाही हेही कळले. हवामानाला मात्र दोन्ही भाषांत शब्द एकच. मराठीत हवामान बदल, कन्नडमध्ये हवामान बदलावणे. आळंद तालुक्याच्या या टोकाला, जिथून उमरग्याचा रस्ता धरला की थोड्याच वेळात राज्य बदलते, तिथे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

स्मरणिका समितीने मला पंचायत या संस्थेचा इतिहास लिहायला सांगितला, आणि त्याबरोबर एक जास्तीचे कामही दिले. अलीकडे सदस्यांच्या प्रशिक्षणात पॅरिस करार, शाश्वत विकासाची ध्येये, कार्बन-न्यूट्रल गाव असे शब्द येतात. त्यांचा आपल्या पंचायतीशी धागा कुठे जुळतो तेही लिहा, असे समितीचे म्हणणे. अध्यक्ष-सदस्यांची यादी या अंकात वेगळी आहेच. मी हा इतिहास पाण्याच्या अंगाने सांगणार आहे. शिक्षकीत आयुष्य गेल्यावर आणि तीन एकर तूर पिकवल्यावर मला तेच एक अंग नीट दिसते.

सुरुवातीची वर्षे थोडक्यात सांगतो. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. आजही त्या तारखेला सीमेपलीकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो आणि इकडे कल्याण कर्नाटक उत्सव. झेंडा दोन्हीकडे त्याच सकाळी चढतो. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, उमरगा मुंबई राज्यात गेला आणि आळंद म्हैसूर राज्यात. सोयरिकी, बाजार, यात्रा होत्या तिथेच राहिल्या. सरकारी कागदाची भाषा तेवढी बदलली. पुढे म्हैसूर राज्याचा १९५९ चा ग्रामपंचायत कायदा आला. त्या काळातली पंचायत म्हणजे दिवाबत्ती, गटार, घरपट्टी आणि तालुक्याला पाठवायचे अर्ज.

तिचे हात किती आखूड होते, ते १९७२ च्या दुष्काळात दिसले. मी तेव्हा शाळेत होतो. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली, रब्बीची ज्वारी पेरणीआधीच संपली होती, कारण पेरायला ओलच नव्हती. घरातल्या मोठ्या माणसांनी खडी फोडली. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. तिची चव ज्यांनी घेतली त्यांच्या तोंडातून ती अजून गेलेली नाही. कामे काढणार महसूल खाते, मोजमाप करणार तेच, पैसा देणारही तेच. गावाला सगळे ठाऊक होते: कुठल्या नाल्यावर बांध घातला तर पाणी अडेल, कुठले शेत दर पावसाला धुपते, कुणाच्या घरी चूल पेटलेली नाही. पण ते ठरावात लिहून त्यावर खर्च करण्याची मुभा गावाला नव्हती. जाणणारा एकीकडे आणि ठरवणारा दुसरीकडे, ही तेव्हाची व्यवस्था. पुढचा सगळा इतिहास हे अंतर कमी होण्याचा आहे, आणि मध्येच ते पुन्हा वाढण्याचाही.

अंतर पहिल्यांदा खरे कमी झाले ते अब्दुल नझीर साब यांच्या काळात. कर्नाटकाने १९८३ मध्ये नवा पंचायत कायदा केला आणि जानेवारी १९८७ मध्ये जिल्हा परिषदा व मंडल पंचायतींच्या निवडणुका झाल्या. महिलांना २५ टक्के जागा देण्याची तरतूद त्यात होती, आणि देशात पंचायतींना घटनेत स्थान देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती व्हायला अजून काही वर्षे होती. नझीर साब त्या वेळी ग्रामविकास मंत्री. खेडोपाडी त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या बोअरी पाडल्या, म्हणून लोक त्यांना 'नीर साब' म्हणू लागले. हापसा आला. बायांची पहाटेची पायपीट थांबली नाही, पण कमी झाली. हापशाच्या दांड्याला लोंबकळणाऱ्या पोरांत आमच्या पिढीची धाकटी भावंडे होती. पाण्याचे नाव मंत्र्याला लागावे, याहून मोठा मान मी कुठल्या राजकारण्याला मिळालेला पाहिला नाही.

त्याच बोअरीची दुसरी बाजूही इथेच लिहिली पाहिजे, आणि ती मी माझ्यापासून लिहितो. हापसा पिण्यासाठी होता. आम्ही शेतकऱ्यांनी त्यापासून शिकून शेतात बोअर घेतल्या. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमाड थरात आणि खालच्या भेगांत. नदीकाठच्या वाळूत साठावे तसे पोटभर साठत नाही. एका भेगेतले पाणी दोघांनी ओढले की दोघांचेही घटते. माझी पहिली बोअर चार वर्षे चालली. दुसरी दुप्पट खोल नेली, ती दोन वर्षे चालली. तिसरीतून नुसता धुरळा उडाला, आणि त्याच उन्हाळ्यात शेजारच्या म्हातारबांची विहीर तळाला गेली. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. वीज फुकट होती, दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला कर्नाटकात आजही बिल येत नाही, त्यामुळे मोटार थांबवण्याचे कारण कुणापाशीच नव्हते. भूजलाचा हिशेब गावाने एकत्र ठेवायला हवा होता, आणि आम्ही तो प्रत्येकाने आपापल्या बांधाआड ठेवला.

मग १९९३ आले. त्या वर्षाचे नाव काढले की इथल्या माणसाला आधी भूकंपच आठवतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर जमीनदोस्त झाले, तेव्हा आमच्याकडेही भांडी फळीवरून पडली आणि माणसे अंगणात आली. सकाळी ट्रॅक्टर भरून भाकरी सीमेपलीकडे गेल्या. त्याच वर्षी २४ एप्रिलला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली होती, १० मे रोजी कर्नाटकाचा नवा पंचायत राज कायदा, आणि डिसेंबरात त्याखालची ग्रामपंचायतींची पहिली निवडणूक. घटनेला जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. प्रशिक्षणाला जाणाऱ्या प्रत्येक सदस्याला मी ती यादी मोठ्याने वाचून दाखवतो. जमीन सुधारणा आणि मृदसंधारण. लहान पाटबंधारे, पाण्याचे व्यवस्थापन आणि पाणलोट. सामाजिक वनीकरण. पिण्याचे पाणी. इंधन आणि चारा. अपारंपरिक ऊर्जा.

आता ही यादी बाजूला ठेवून हवामान बदलावरचे कुठलेही परिषदेचे टिपण उघडा. दोन्हीकडे तीच कामे दिसतील. रिओची वसुंधरा परिषद जून १९९२ ची. तिच्या 'अजेंडा २१' या दस्तऐवजातले अठ्ठाविसावे प्रकरण स्थानिक शासनांवर होते, आणि प्रत्येक स्थानिक शासनाने आपल्या लोकांशी बोलून स्वतःचा कार्यक्रम ठरवावा, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर वर्षभरात आपल्या घटनेत ही २९ विषयांची यादी आली. एकीतून दुसरी निघाली असे मी म्हणत नाही. पण जगाने गावांकडून जे मागितले, ते करण्याचा मार्ग आपल्या घटनेने पंचायतीसाठी तेव्हाच मोकळा केला होता, आणि पंचायतीच्या इतिहासात मला याहून महत्त्वाचे पान दिसत नाही.

रोजगार हमीवर मोठे प्रकरण लिहिता येईल. मी एकच सांगतो. २ फेब्रुवारी २००६ ला देशातल्या ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत ही योजना सुरू झाली, त्यांत गुलबर्गा आणि बिदर दोन्ही होते. बांधबंदिस्ती, शेततळी, नाल्यांतला गाळ काढणे ही कामे तेव्हापासून ग्रामसभेतून ठरू लागली. १९७२ मध्ये खडी फोडणाऱ्या बाईला काम मागण्याचा हक्क नव्हता. तिच्या सुनेला तो मिळाला. २०१० पासून पंचायतीतल्या निम्म्या जागाही बायांच्या झाल्या, आणि पाण्याचा विषय सभेच्या शेवटाकडून वर सरकला. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

२०१६ च्या एप्रिलकडे येतो. माझी थोरली बहीण लातुरात राहते. त्या उन्हाळ्यात तिच्या गल्लीत आठवड्याला एक टँकर यायचा आणि आक्का फोनवर घागरींचा हिशेब सांगायची: भांड्यांचे पाणी कुंडीला, आंघोळीचे फरशीला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला न्यूयॉर्कला भारताने पॅरिस करारावर सही केली. सहीची बातमी त्या दिवशी आमच्याकडे कुणाच्या तोंडी नव्हती; गाडीची होती. आज मागे वळून पाहताना मला या दोन तारखा शेजारी शेजारी लिहाव्याशा वाटतात, कारण करारातल्या सगळ्या शब्दांचा अर्थ त्या वाघिणींत भरलेला होता.

पॅरिसचा करार १२ डिसेंबर २०१५ चा. पृथ्वीची तापमानवाढ औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशावर रोखण्याची धडपड करायची, हे त्याचे मुख्य उद्दिष्ट. भारताने २ ऑक्टोबर २०१६ ला, गांधीजयंतीला, त्याला मान्यता दिली. सह्या करतात राष्ट्रे. पण कराराच्या प्रस्तावनेत शासनाच्या सर्व स्तरांच्या सहभागाचे महत्त्व मान्य केले आहे, आणि सातव्या कलमात बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामाला स्थानिक बाजू आहे असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे लातूरचा टँकर आणि खजुरीची विहीर करारात नावाने नसली तरी अर्थाने आहेत.

स्थानिक शासनांनी स्वतः होऊन जगाला शब्द देण्याची रीत याहून जुनी आहे. १९९० मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या वास्तूत ४३ देशांतली २०० हून अधिक स्थानिक शासने जमली आणि 'इक्ली' ही त्यांची संघटना उभी राहिली. २००५ मध्ये उत्सर्जन घटवण्याचा क्योटो करार लागू झाला, पण अमेरिका त्यात नव्हती. तेव्हा सिएटलच्या महापौरांनी आपल्या शहरापुरते ते उद्दिष्ट स्वीकारले आणि इतर शेकडो महापौर त्यांच्या मागे गेले. २०१७ मध्ये अमेरिकेने पॅरिस करार सोडण्याची घोषणा केली, तेव्हाही तिथल्या शहरांनी आम्ही शब्द पाळणार असे जाहीर केले. मोठ्या घराने हात काढला तरी धाकट्या घरांनी देणे मान्य केले, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्या बाजूची सर्वांत जवळची मोठी घटना सोलापूर-लातूरची आहे. ही शहरे आम्हाला परकी नाहीत. दवाखाना, कापड, कॉलेज, सगळे तिकडेच. २०२१ मध्ये सोलापूर-लातूरसह महाराष्ट्रातली 'अमृत' योजनेतली ४३ शहरे 'रेस टू झिरो' या जागतिक मोहिमेत उतरली. २०३० पर्यंत उत्सर्जन निम्म्यावर आणणे आणि शतकाच्या मध्यापर्यंत निव्वळ शून्यावर नेणे, ही त्या मोहिमेची दिशा. भारत देशाचे उद्दिष्ट २०७० चे आहे. म्हणजे या शहरांनी देशाच्या वीस वर्षे आधीचा शब्द दिला. मुंबईने मार्च २०२२ मध्ये २०५० चे लक्ष्य ठेवून आपला आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यात पायाभूत वर्षाचा हिशेब मांडला: २०१९ मध्ये माणशी १.८ टन उत्सर्जन, त्यातले ७२ टक्के इमारती आणि उद्योगांच्या ऊर्जेतून, बहुतांशी विजेतून. आकडा आधी आणि शब्द मागून, हे मला पटते.

गावांसाठी महाराष्ट्राने २ ऑक्टोबर २०२० ला 'माझी वसुंधरा' अभियान सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश ही पाच तत्त्वे, प्रत्येकाला गुण, गुणांवरून क्रम. पहिल्या वर्षी ६८६ स्थानिक संस्था त्यात होत्या, पुढे हजारो आल्या. पंचमहाभूतांची कल्पना गावाला चटकन समजते. कीर्तनात ऐकलेलीच असते. इकडे केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांची १७ ध्येये नऊ संकल्पनांत बसवून ग्रामपंचायतींपुढे ठेवली. त्यांत जलसमृद्ध गाव आहे, स्वच्छ आणि हरित गावही आहे. कार्बन-न्यूट्रल पंचायतीला राष्ट्रीय पुरस्कार आहे, आणि २०२४ च्या पुरस्कारांत तो भंडारा जिल्ह्यातल्या बेला ग्रामपंचायतीला मिळाला. पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी पूर्णपणे सौर विजेवर गेले. केरळात वायनाडच्या मीनंगाडी पंचायतीने तर २०१६ मध्येच या वाटेवर पाऊल टाकले होते.

ही नावे मी आदराने लिहितो. तरीही आपल्या पंचायतीने त्यांच्यामागे धावत आधी कार्बन मोजायला बसावे, असे मला वाटत नाही. खजुरीच्या माणसाने हवेत सोडलेला धूर तो किती! चुलीत तुराट्या जळतात, त्या आपल्याच शेतातल्या. रस्त्यावरचे दिवे आणि पाणीपुरवठ्याची मोटार सौर विजेवर आणावी, नक्की आणावी. पंचायतीच्या वीजबिलातून ती रक्कम सुटेल आणि दुसऱ्या कामाला येईल. पण आपला पहिला शब्द पाण्याबद्दल असायला हवा, कारण हवामान बदलाने आपल्या दारात जे आणले आहे ते पाण्याच्याच रूपात आले आहे. कधी २०२० च्या ऑक्टोबरसारखे, जेव्हा भीमेला पूर आला आणि जिल्ह्यातली कापणीला आलेली पिके गेली. कधी २०२३ सारखे, जेव्हा राज्यातले दोनशेहून अधिक तालुके दुष्काळी जाहीर झाले.

या कामात आपल्याकडे एक फार चांगला साथीदार आहे, तो म्हणजे तूर. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आहेच. पण मी तिच्या मुळाबद्दल बोलतो आहे. ते खोल जाते, काळ्या रानातली उरलीसुरली ओल शोधते, हवेतला नत्र जमिनीत धरून ठेवते, आणि पाला गळून रान सुपीक करते. शेंगा माणसाला, भुसा जनावराला, तुराट्या कुडाला आणि चुलीला. जगातले शास्त्रज्ञ बदलत्या हवामानात तग धरणारे पीक म्हणून जे शोधतात, ते आपल्या आज्या-पणज्यांनी ज्वारीच्या ओळींत पेरले होते. तिच्यावर मर पडते, भाव पडतो, ढगाळ हवेत अळी येते. हे सगळे सोसूनही ती सोडून पाटपाणी नसलेल्या रानात ऊस लावण्याचा मोह ज्याने त्याने आपल्या बोअरीकडे बघून आवरायला हवा, हे माझे स्पष्ट मत आहे.

एकट्याने ते आवरत नाही, म्हणून पंचायत लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची माणसे दर वर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात: पाऊस किती पडला, मुरला किती, पिण्याला आणि जनावरांना किती ठेवायचे, उरलेल्यात कुठले पीक घ्यायचे. ऊस-केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही, हा निर्णय त्यांनी स्वतः घेतला आणि पोपटराव पवारांसारखा सरपंच तो पाळून घेत राहिला. आपल्याकडे सरपंच नसून अध्यक्ष असतात, ग्रामसेवक नसून पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी असतात, ठरावाची वही कन्नडमध्ये असते. पण ग्रामसभा तीच आहे. पैशाचाही मार्ग आहे: पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला साठ टक्के भाग स्वच्छता आणि पाण्यासाठी बांधून दिला होता, आणि पावसाचे पाणी साठवणे त्यात बसत होते. वरचा निधी वरच्या शब्दाला जोडून येतो. त्याला आपला शब्द जोडायचा, तर तो आधी ठरलेला असला पाहिजे.

आणि मोजायचे साधन? ते आपल्या दारात आलेले आहे. कर्नाटकाने १९८८ मध्ये दुष्काळावर नजर ठेवणारा स्वतंत्र कक्ष उभारला. पुढे त्याचे राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र झाले आणि त्याने ग्रामपंचायतनिहाय स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. दर पंधरा मिनिटांची नोंद बेंगळुरूला जाते. पीकविम्यातही मुख्य पिकांचे नुकसान आपल्याकडे ग्रामपंचायत हे एकक धरून ठरते. म्हणजे आभाळाच्या हिशेबात सरकारने पंचायत हाच घटक मानला आहे.

समितीने मला लेखासोबत एखादी सूचना द्यायची मुभा दिली आहे. मृगाच्या पहिल्या दिवसापासून पंचायतीच्या भिंतीवर एक फळा लावावा. रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये, शेजारी गावातल्या चार ठरलेल्या विहिरींची पातळी, महिन्यातून एकदा. लिहायला शाळेतली मुले येतील. मी त्यांच्याशी बोललो आहे आणि सातवीच्या दोघी मुलींनी खडूचा डबाही मागून घेतला आहे. डाव्या बाजूला कन्नड, उजव्या बाजूला मराठी. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत तो फळा आत आणून टेबलाजवळ ठेवावा, आणि रब्बीची पेरणी त्याच्याकडे बघून बोलावी.